द्राक्षवेलीची बखर

माझ्या लहानपणीची दिवाळी निळ्या रंगाची होती. नरकचतुर्दशीच्या पहाटे आई अण्णांच्या अंगाला उटणे लावी आणि दरवर्षी एकच वाक्य म्हणे, "यांच्या नखांतला निळा रंग काही या जन्मात जायचा नाही." तो रंग मोरचुदाचा. निफाड तालुक्यात आमची द्राक्षाची बाग होती. इतरांच्या घरी करंज्या तळल्या जात असत, तेव्हा आमच्या अंगणात पिंपात मोरचूद आणि चुना कालवला जात असे. या मिश्रणाला आमच्याकडे 'बोर्डो' म्हणत. हे फ्रान्समधल्या एका शहराचे नाव आहे, ही गोष्ट अण्णांना ठाऊक नव्हती आणि तिच्यावाचून त्यांचे काही अडलेही नाही.

द्राक्षवाल्याची दिवाळी अशीच जाते. ऑक्टोबरची गोडी छाटणी झालेली असते, काडीला कोवळे फुटवे आलेले असतात, त्यांत मोहरीएवढ्या कळ्यांचे घड दिसू लागलेले असतात आणि नेमक्या त्याच वेळी एखादा चुकार ढग आभाळात रेंगाळतो. एक पावसाची सर आली आणि पानावर केवडा बसला, की वर्षाची कमाई चार दिवसांत जाते. अण्णा आकाशकंदिलाकडे पाहत आहेत असे आम्हा मुलांना वाटे. ते त्याच्या वरचे आकाश पाहत असत.

अण्णा शाळा फारसे शिकले नव्हते, परंतु त्यांची एक वही असे. दर दिवाळीला नवी. तीत हिशेब असत आणि हिशेबाच्या कडेला बागेच्या तारखा. एप्रिलची खरड छाटणी कधी झाली, ऑक्टोबरची कधी, डोळे कधी फुटले, मण्यांत पाणी कधी उतरले, मुंबईला पहिली करंडी कधी गेली. १९५७ पासून १९९६ पर्यंत, वर्षाला एक याप्रमाणे चाळीस वह्या. पुढच्या वर्षी अण्णा गेले.

आता एक कबुली देतो आणि मग मूळ विषयाकडे वळतो. मी चौतीस वर्षे शाळेत इतिहास शिकवला. पानिपताची तारीख, तहाची तारीख, राज्याभिषेकाची तारीख मुलांकडून घोकून घेतली. आणि १९९८ च्या दिवाळीत माळा साफ करताना त्या वह्यांचा गठ्ठा मी स्वतःच्या हातांनी रद्दीवाल्याच्या तराजूत टाकला. थोरले बंधू म्हणाले, "अरे, अण्णांचं अक्षर आहे, राहू दे." मी म्हणालो, "दादा, जुन्या हिशेबांचं काय करायचं?" हा इतिहासाच्या मास्तरांचा निकाल होता. त्या निकालात काय चुकले, ते समजायला मला बावीस वर्षे लागली आणि त्यासाठी पार बर्गंडीपर्यंत जावे लागले.

*

२०२० च्या जानेवारीत धाकट्या मुलाकडे फ्रान्सला जाण्याचा योग आला. तो नोकरीनिमित्त ल्याँ शहरात होता. द्राक्षवाल्याच्या घरातला माणूस तेथे जाऊन चर्च आणि राजवाडे किती दिवस पाहणार? उत्तरेला बोन नावाचे गाव आहे, तेथे तटबंदीच्या बाहेर पाऊल टाकले की बागाच बागा, असे कळले आणि आम्ही निघालो.

पहिले दर्शन निराशेचे होते. हिरवे पान नाही. टेकडीच्या उतारावर काळपट वाळकी खोडे, हेक्टरी दहा-दहा हजार, शिस्तीत उभी. आमच्याकडे वेल माणसाच्या डोक्यावर मांडव धरते. तेथली वेल गुडघ्या-मांडीएवढी. त्या थंडीत एक वृद्ध गृहस्थ वाकून छाटणी करीत होते. त्यांच्याजवळ एक चाकाची हातगाडी होती. पत्र्याचे जुने पिंप उभे चिरून चाकावर बसवलेले, आणि छाटलेल्या काड्या त्यातच पेटवलेल्या. चार वेली छाटायच्या, हात शेकायचे, गाडी पुढे ढकलायची. छाटताना त्यांनी काडी डोळ्यांजवळ नेली, अंगठ्याने एक-एक डोळा मोजला आणि मग कात्री लावली. अगदी अण्णांसारखी. मुलाने दुभाषाचे काम केले. मीही बागवानाचा मुलगा आहे हे कळताच म्हाताऱ्याने हातमोजा काढून हात पुढे केला आणि संध्याकाळी आम्हाला तळघरात नेले.

त्यांच्या भाषेत 'व्हिन्यरों' असा शब्द आहे. द्राक्ष पिकवणारा आणि त्याची वाइन करणारा, या दोघांसाठी मिळून एकच. आपल्याकडे बागायतदार वेगळा आणि कारखानदार वेगळा. तेथे मात्र सकाळी कात्री धरणारा हात संध्याकाळी पिंपाची बुचे काढतो. त्याच्या वर्षाचे अर्धे आयुष्य आभाळाखाली आणि अर्धे जमिनीखाली जाते.

हे वर्ष कसे असते, ते त्यांच्या सांगण्यावरून आणि मागाहून वाचले त्यावरून थोडक्यात सांगतो. २२ जानेवारीला संत व्हँसाँचा उत्सव होतो. हा बागवानांचा कैवारी संत. छाटणी मार्चपर्यंत चालते. मग थंडी ओसरली की छाटलेल्या काडीच्या टोकातून पाण्यासारखा रस ठिबकू लागतो. वेल रडू लागली, असे ते म्हणतात. तो रडवा दिवस त्यांना आनंदाचा, कारण मुळे जागी झाली. एप्रिलात डोळे फुटतात आणि बागवानाची झोप जाते. एका रात्रीचे दहिवर गोठले की कोंब करपतात. २०१६ आणि २०२१ च्या एप्रिलमध्ये असेच झाले. अशा रात्री लोक ओळीओळींतून मोठमोठ्या मेणबत्त्या पेटवतात. लांबून पाहणाऱ्याला तो दीपोत्सव वाटावा. मे महिन्यात ११ ते १३ या तारखांना जे संत येतात त्यांना 'हिमाचे संत' म्हणतात. ते एकदा गेले की गार रात्रीची धास्ती संपते.

जूनमध्ये फुलोरा. तेथून बोटे मोजायची. सुमारे शंभर दिवसांनी तोडणी. जुलै-ऑगस्टात हिरवा मणी मऊ पडतो, रंग धरतो. आपण ज्याला 'पाणी उतरणे' म्हणतो तेच हे. या दिवसांत भीती गारांची. पूर्वी वादळ दिसले की चर्चच्या घंटा बडवीत असत, म्हणजे गारा पळतील अशी समजूत. उंच मनोऱ्यावर ओला दोर धरून उभे राहणाऱ्यांवर वीज कोसळे. इतके घंटानायक मेले की अठराव्या शतकाच्या अखेरीस सरकारला या प्रथेवर बंदी आणावी लागली. यात हसण्यासारखे काही नाही. आपल्या विदर्भातील गावगाड्यात 'गारपगारी' होताच. मंत्र म्हणून गारा वळवणे हे त्याचे काम आणि त्यासाठी त्याला गावाकडून धान्य मिळे. पीक उघड्यावर असले की बोनचा मनुष्य आणि वऱ्हाडातला मनुष्य एकाच देवळाच्या पायरीवर येऊन बसतात.

सप्टेंबरात तोडणी आणि शेवटच्या दिवशी मजूर-मालकांची एकत्र पंगत. मग खेळ जमिनीखाली जातो. काळी द्राक्षे सालीसकट मोठ्या लाकडी हौदात पडतात. दोन-तीन दिवसांत हौद आपोआप तापतो, खदखदतो आणि साली वर येऊन जाड थर धरतात. तो थर दिवसातून एक-दोनदा खाली दाबावा लागतो. पूर्वी त्यासाठी माणसे उघड्या अंगाने हौदात उतरत. यात मोठा धोका असे. आंबताना कर्बवायू सुटतो, तो जड म्हणून खाली साचतो आणि त्याला वास नसतो. म्हणून तळघरात जाणाऱ्याने हाती पेटती मेणबत्ती धरावी. ती विझली की एक पाऊलही पुढे टाकू नये. हे ऐकताना मला आमच्या आजोळचे ज्वारीचे पेव आठवले. पेव उघडले की मामा आधी दोरीला बांधून कंदील आत सोडीत. कंदील विझला तर त्या दिवशी ज्वारी निघत नसे.

हा खदखदाट का होतो, हे हजारो वर्षे कोणालाच माहीत नव्हते. लुई पाश्चरने याचा उलगडा केला. त्याचे बालपण शेजारच्याच ज्युरा भागातील आर्ब्वा गावी, द्राक्षांच्याच मुलखात गेले. वाइनवरचा त्याचा ग्रंथ १८६६ साली निघाला. साखरेचे मद्य करणारे सूक्ष्म जीव वेगळे, आणि वाइन नासवणारे वेगळे, हे त्याने दाखवून दिले. पुढे रस गाळून ओकच्या पिंपांत भरतात. बर्गंडीचे पीप २२८ लिटरचे. लाकडातून थोडे-थोडे उडून जाते, त्याला देवदूतांचा वाटा म्हणतात. पीप मात्र रिकामे ठेवायचे नाही, ते पुन्हा-पुन्हा काठोकाठ भरावे लागते, नाही तर आत हवा शिरून व्हिनेगर होते. वसंतात वेल फुटू लागली की तळघरातील वाइनही पुन्हा हलते, असे जुने लोक म्हणत. त्याचेही कारण आता कळले आहे. ऊब येताच दुसऱ्या जातीचे सूक्ष्म जीव जागे होतात आणि फळातले तीव्र आम्ल सौम्य करतात. सौम्य म्हणजे कोणते? आपल्या घरच्या दह्यात असते तेच.

(मी स्वतः वाइन किती घेतली, असे कोणी विचारील. तळघरात अर्धा पेला घेतला, तोही सौभाग्यवतींच्या देखत. यापेक्षा अधिक तपशील दिवाळी अंकात शोभणार नाही.)

*

तळघरातून वर येताना म्हाताऱ्याने दाराच्या चौकटीकडे बोट दाखवले. लाकडावर खडूने आणि पेन्सिलीने आकडे लिहिलेले होते. वर्ष आणि दिवस, वर्ष आणि दिवस. त्यांच्या वडिलांनी सुरू केलेली तोडणीच्या पहिल्या दिवसाची ही यादी. मी कौतुक केले, तेव्हा ते म्हणाले, "ही काहीच नाही. गावाची यादी १३५४ पासून आहे."

मी मुलाला म्हटले, "सन नीट विचार." त्याने विचारले. तेराशे चोपन्न.

याचे रहस्य असे. जुन्या काळी तेथे कोणालाही मनाला येईल तेव्हा द्राक्षे तोडता येत नसत. गावातले जाणते लोक बागा फिरून फळ चाखत आणि मग दिवस जाहीर होई. त्याआधी कात्री लावील त्याला दंड. यात तीन हेतू होते. कच्च्या द्राक्षांच्या आंबट वाइनने गावाचे नाव जाऊ नये, सगळ्यांची तोडणी एकदम झाल्याने चोरी होऊ नये आणि चर्चचा दशमांश बुडू नये. बोनच्या नोत्र-दाम चर्चच्या स्वतःच्या बागा होत्या. तेथील कारकून तोडणीच्या मजुरीचा खर्च दिवसवार लिहीत असे. पुढे नगरसभेच्या ठरावांत तारखा येऊ लागल्या आणि त्यानंतर वर्तमानपत्रांत. थॉमस लाबे या फ्रेंच इतिहासकाराने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी ही सगळी दप्तरे चाळून १३५४ ते २०१८ अशी ६६५ वर्षांची साखळी जुळवली आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध केली.

मराठी वाचकाला तारखेचे महत्त्व सांगायला नको. शिवाजी महाराजांच्या जन्मतिथीसाठी आपल्याकडे किती शाई आणि किती स्नेह खर्ची पडला, ते आपण जाणतोच. बोनच्या यादीलाही जंत्रीची भानगड चुकली नाही. १५८२ साली फ्रान्सने नवे कॅलेंडर घेतले, तेव्हा दहा दिवस एकाएकी गळाले. त्याआधीच्या सर्व तारखा पुढे सरकवून घ्याव्या लागल्या.

पण या तारखांवरून कळते काय? उन्हाळा कडक असेल तर फळ लवकर पिकते, थंड असेल तर उशिरा. म्हणजे तोडणीचा दिवस हा त्या वर्षीच्या वसंताचा आणि उन्हाळ्याचा तापमापक झाला, आणि तोही तापमापकाचा शोध लागण्यापूर्वीचा! १८१५ साली इंडोनेशियात तांबोरा ज्वालामुखी फुटला, त्यामुळे पुढच्या वर्षी युरोपात उन्हाळाच पडला नाही. १८१६ ची तोडणी ऑक्टोबरात गेली. उलट २००३ साली उन्हाने माणसे मेली आणि द्राक्षे ऑगस्टमध्येच तोडावी लागली. एमान्युएल ल रुआ लादुरी या इतिहासकाराने हवामानाच्या हजार वर्षांच्या इतिहासावर १९६७ मध्ये ग्रंथ लिहिला. त्याची मदार अशाच तारखांवर होती. राजांच्या चरित्रांनी सांगितले नाही ते मजुरीच्या हिशेबांनी सांगितले.

आणि या साखळीचा शेवट ऐका. १३५४ पासून १९८७ पर्यंत सरासरीने तोडणी २८ सप्टेंबरच्या सुमारास होत आली. १९८८ पासून ती सरासरी तेरा दिवसांनी अलीकडे आली आहे. सहा शतकांत मधूनमधून जे घडे ते आता नित्याचे झाले. पृथ्वी तापते आहे की नाही यावर विद्वानांनी वाद घालावेत. बोनच्या वेलीने आपली साक्ष नोंदवून ठेवली आहे.

या सहा शतकांत काय-काय होऊन गेले! सिस्टर्शियन साधूंनी बाराव्या शतकापासून जोपासलेली, दगडी भिंतीने बंदिस्त केलेली व्हूजोची सव्वाशे एकरांची बाग फ्रेंच क्रांतीत जप्त होऊन विकली गेली. पुढे वाटण्या होत-होत आज तिचे सुमारे ऐंशी मालक आहेत. काहींच्या वाट्याला तर चार-दोन ओळीच. भाऊबंदकी ही काही केवळ आपली मिरास नव्हे. १८६३ च्या सुमारास अमेरिकेतून आलेला मुळांवरचा एक सूक्ष्म किडा दक्षिण फ्रान्समध्ये दिसला, १८७८ ला तो बर्गंडीत पोचला आणि बागा सरणाच्या लाकडासारख्या वाळल्या. शेवटी अमेरिकेच्याच रानवेलीच्या मुळावर फ्रेंच काडीचे कलम बांधले, तेव्हा द्राक्ष वाचले. त्याच १८७८ मध्ये केवडाही तेथे उतरला. बोर्दो भागात रस्त्याकडेच्या वेलींना चोरांनी हात लावू नये म्हणून मोरचूद-चुना फासत. अशा फासलेल्या वेलींना रोग होत नाही, हे प्राध्यापक मिलार्दे यांच्या ध्यानात आले, आणि १८८५ मध्ये त्यांनी तो उपाय जगाला दिला. अण्णांच्या नखांतला निळा रंग तो हा. आज आमच्या बागेतही वेल उभी आहे ती डॉगरिज नावाच्या, टेक्सासच्या रानवेलीच्या खुंटावरच.

*

परतीच्या विमानात मला झोप लागली नाही. आपल्याकडे द्राक्षाचा इतिहास काय कमी आहे? कौटिल्याच्या अर्थशास्त्रात द्राक्षाच्या मद्याची नोंद आहे, कपिशेच्या मद्याची ख्याती पाणिनीला माहीत होती. भडोच बंदरात इटलीची वाइन उतरत असे, हे पेरिप्लसचा ग्रीक नाविक लिहून गेला आहे. आणि चौदाव्या शतकात दौलताबादेस आलेल्या इब्न बतूताने लिहून ठेवले की येथे द्राक्षे आणि डाळिंबे होतात आणि वर्षातून दोनदा फळतात.

दोनदा! या एका शब्दात दख्खनच्या द्राक्षाचे सारे वैशिष्ट्य आले. बोनची वेल हिवाळ्यात झोपते. आपल्याकडे तिला झोपवणारी थंडी नाही, म्हणून ती बारमाही जागी. मग माणूसच तिला दोनदा छाटतो. एप्रिलात लाकूड घडवायचे आणि ऑक्टोबरात फळ मागायचे. म्हणूनच तिकडचा मोसम सप्टेंबरचा आणि नाशिकच्या वाइनचा जानेवारी ते मार्च. वेल तीच, पण तिचे पंचांग आपण वेगळे बांधले.

इब्न बतूता दख्खनमध्ये होता, त्यानंतर पंधरा-वीस वर्षांच्या आतच बोनच्या कारकुनाची ती पहिली नोंद पडली. तेथून पुढे त्यांच्याकडे सहाशे पासष्ट ओळी आहेत. आपल्याकडे इब्न बतूताचे एक वाक्य आहे. मध्ये कोणी लिहिलेच नसेल असे मी म्हणणार नाही. पांगाऱ्यावर भोकरीचे वेल चढवणाऱ्या कितीतरी माणसांनी बाडांत, चोपड्यांत, भिंतीवर काहीबाही लिहिले असेल. त्याचे काय झाले, हे मी सांगू शकतो. निदान चाळीस वह्यांचे काय झाले, हे नक्कीच सांगू शकतो.

२०१४ च्या फेब्रुवारी-मार्चात महाराष्ट्रभर गारपीट झाली, तेव्हा आमची तोडणीला आलेली बाग दोन घटकांत जमीनदोस्त झाली. दादा बांधावर बसून म्हणाले होते, "अण्णांच्या वेळी असं कधी झालं होतं का रे? वहीत असेल." मी खाली मान घातली. त्यांनीही पुन्हा विचारले नाही.

फ्रान्सहून आल्यावर मी ही सारी हकीगत दादा-वहिनींना सांगितली. वहिनी उठून आत गेल्या आणि दुधाच्या रतिबाची वही घेऊन आल्या. तिची मागची बाजू उलटून माझ्यापुढे धरली. ते अण्णांचे अक्षर होते. "रद्दीच्या दिवशी यातली पानं कोरी दिसली म्हणून ठेवून घेतली होती भाऊजी," त्या म्हणाल्या. चाळीसांतली एक वही वाचली होती, आणि ती होती १९७२ ची. दुष्काळाची.

तीत जास्त काही नाही. "ऑक्टोबर ९. छाटणी. विहीर दोन परस." "नोव्हेंबर १८. फुलोरा. पाणी बादलीने." "निम्मी बाग सोडली." आणि मग, "फेब्रुवारी २१. पहिली करंडी." दुष्काळाने राज्य होरपळत असताना त्या मनुष्याने निम्मी बाग बादलीने जगवली आणि त्याबद्दल चार ओळींपेक्षा अधिक लिहावे असे त्याला वाटले नाही.

आमच्याकडे लक्ष्मीपूजनाला वहीपूजन होते. पुतण्या बागेचा सगळा हिशेब मोबाईलवर ठेवतो, म्हणून काही वर्षे नुसत्याच कोऱ्या वहीला कुंकू लागे. आता पाटावर अण्णांची ती वही असते आणि तिच्याशेजारी एक नवी. नवीत पुतण्या स्वतःच्या हाताने छाटणीची तारीख घालतो. पहिल्या वर्षी त्याने मला विचारले, "काका, नुसती तारीख लिहून कोणाला काय कळणार?"

मी त्याला म्हटले, "आपल्याला नाही कळणार. तू लिही."